ऊन उतरल्यावरचा डाव

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका शुक्रवारी दुपारनंतर, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका मजूर टोळीने शेजारच्या प्लॉटवर त्याच संध्याकाळी काम धरायला नकार दिला आणि ती ठरल्याप्रमाणे खो-खो खेळायला गेली. थोड्याच वेळात बागमालकाने खेळाच्या जागेवर ट्रॅक्टर घातला. या दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हा मी तिथे हजर होते.

हजर असण्याचं कारण संशोधनाचं होतं. नाशिकमधल्या एका वर्तमानपत्रात अनेक वर्षं जिल्ह्याचं पान सांभाळल्यावर मी नोकरी सोडली आणि समाजशास्त्रात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता कष्टकऱ्यांची फुरसत: ते खेळतात का, केव्हा, कुठे, कोणाबरोबर. या विषयावर आमच्या विभागात आधी झालेलं काम शहरापुरतं होतं. बॉक्स क्रिकेटचे टर्फ, जिम, जॉगिंग ट्रॅक, शनिवार-रविवारी बागा बघायला आणि वाइन चाखायला जाणारी कुटुंबं. त्याच बागांमध्ये सोमवार ते रविवार राबणारी माणसं या अभ्यासांत कुठे नव्हती. फुरसत म्हणजे कामातून उरलेला वेळ, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्यांचं काम संपत नाही त्यांना ती उरत नाही, हे त्यापुढचं वाक्य कोणी लिहीत नाही, पण सगळे धरून चालतात.

माझे मार्गदर्शकही धरून चालले होते.

"बागेतल्या मजुरांची फुरसत?" ते म्हणाले. "मॅडम, जी गोष्ट नाहीच तिच्यावर प्रबंध कसा लिहिणार?"

"नाही, हे कोणी तपासलंय का सर?"

"तपासायचं काय त्यात? दिसतंच आहे."

"कोणी बघितलंय?"

त्यांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत परवानगी मिळाली, एका अटीवर. शहरातल्या जॉगिंग ट्रॅकवर फिरणाऱ्यांच्या मुलाखतीही घ्यायच्या, म्हणजे तुलना होईल. त्या मुलाखती सोप्या गेल्या. ट्रॅकवरच्या माणसांना स्वतःच्या वेळेबद्दल बोलायला आवडतं. तो कसा काढतो, कसा राखतो, मनगटावरचं घड्याळ काय काय मोजतं, हे न विचारता सांगतात.

निफाडला तसं झालं नाही. विभागाच्या नियमाप्रमाणे बागमालकाची लेखी संमती घेतली होती. मालक नाशिकला फ्लॅटमध्ये राहायचा, सकाळी गाडीने बागेत यायचा, दुपारच्या जेवणाला परत जायचा. माणूस मोकळा होता. त्याने स्वतःची पॅकिंग शेड मुलाखतींना दिली, खुर्च्या मांडून दिल्या, सगळ्यांना चहा दिला आणि एका बाजूला मोबाइल बघत बसला. टोळी सुरगाण्याच्या डोंगराकडची. पावसाळ्यात स्वतःच्या वावरात भात-नागली, छाटणी लागली की निफाड. बाया जास्त, पुरुष थोडे. एकेक जण येऊन खुर्चीच्या कडेवर बसत होता. प्रश्न होता: दिवसातून स्वतःसाठी मोकळा वेळ किती मिळतो?

"नाय मिळत."

"अजिबात नाही?"

"नाय ना."

सगळ्यांचं उत्तर तेच. टोळीतली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "मोकळा टाईम मेल्यावर." शेड हसली. मालकही हसला. मार्गदर्शकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा."

पुढच्या आठवड्यात मी न कळवता, दुपार कलल्यावर गेले. मालकाची गाडी नव्हती. बागेच्या शेवटी, बांधाला लागून एक पडीक तुकडा होता. तिथे दोन बांबू रोवलेले होते, राखेने पाटी आखलेली होती आणि शेडमध्ये खुर्चीच्या कडेवर बसलेल्या बाया पदर खोचून, एका रांगेत, एकीआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसल्या होत्या. एक जण वाकडीतिकडी पळत होती, दुसरी तिच्यामागे.

"ओ बाई, खांबात उभ्या राहिल्यात. सरका!"

असं ओरडणारी टोळीची कर्णधार होती. वय पंचविशीच्या आसपास. आश्रमशाळेत असताना खो-खो खेळलेली, जिल्ह्यापर्यंत गेलेली, मग लग्न, मग एक मुलगी, मग द्राक्षं. टोळीतल्या आणखी चौघी त्याच शाळेच्या. बाकीच्यांना यांनी इथेच, या बांधावर शिकवलं होतं.

डाव संपल्यावर मी तिला विचारलं, "गेल्या आठवड्यात तर म्हणालात, मोकळा वेळ मिळत नाही."

"ते शेडात म्हणलो."

"मग?"

"शेडात मालक बसेल होता ना. त्याच्यापुढं टाईम हाय म्हणायचं, आन मग काय? अजून चार ओळी घ्यायच्या?"

वयस्क बाई तिथेच पाणी पीत होती. ती म्हणाली, "मी मेल्यावर म्हणले, ते बी खोटं नाय. तेव्हा तर लयच मिळंल."

शेडमध्ये घेतलेल्या सगळ्या मुलाखती मी रद्द केल्या. मार्गदर्शकांनी विचारलं, एवढा नमुना वाया का घालवता. मी सांगितलं की मालकाची संमती राहील, त्याच्या शेडमधली खुर्ची राहणार नाही. त्यानंतरच्या सगळ्या मुलाखती बांधावर झाल्या. त्यांत वेळ होता, भरपूर होता, आणि तो कुठून येतो हेही होतं.

तो उक्त्यातून येत होता. टोळी रोजाने काम घेत नव्हती, एकराने घेत होती. एका एकराचं डिपिंग, म्हणजे वेलीवरचा प्रत्येक घड मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढायचा, त्याचा भाव आधी ठरायचा. मग ते काम किती वेळात करायचं ते टोळीचं टोळीने बघायचं. ही माणसं उजाडायच्या आधी बागेत शिरत. एका हातात औषधाचा मग, दुसऱ्या हाताने घड वर धरायचा, बुडवायचा, झटकायचा, पुढचा. मांडवाखाली मान वर करून तासन् तास. जेवणाची सुट्टी घेत नसत, ओळीतच भाकरी खात. दुपार व्हायच्या आत एकर उरकायचा. अंघोळ, स्वयंपाक, आणि ऊन उतरलं की मैदान. बाहेरून बघणाऱ्याला ही घाई गरजेची वाटते. ती फुरसतीची होती. दिवसाचं ते टोक त्यांनी सकाळीच कमावून ठेवलेलं असे. कामातून काही उरत नव्हतं. आधी डाव ठरत होता आणि काम त्याच्या आत बसवलं जात होतं.

मालक दुपारी निघून जायचा, म्हणून त्याने हे कधी बघितलं नव्हतं. त्या शुक्रवारी तो परत आला.

त्याच्या भावाचा प्लॉट शेजारीच होता. भावाची टोळी आदल्या दिवशी जास्त भावावर दुसरीकडे निघून गेली होती. डिपिंगला दिवस चुकवून चालत नाही, आणि भर उन्हात ते करत नाहीत. सकाळ चांगली, संध्याकाळ चांगली. मालकाला त्या दिवसाची संध्याकाळ हवी होती.

"मुकादम, तुमचं उरकलेलं दिसतंय," तो आल्या आल्या म्हणाला.

मुकादम हा कर्णधार बाईचा चुलतसासरा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. "उरकलं मालक. शेवटच्या दोन ओळी बघून घ्या."

"बघायचं काय, तुमचं काम चोखच असतं. भावाचा प्लॉट उघडा पडलाय. मणी ज्वारीएवढे झालेत, आता थांबता येत नाही. ऊन उतरलं की बादल्या घेऊन तिकडं चला. भाव तोच देतो."

"सकाळी धरू," मागून कर्णधार म्हणाली.

"सकाळी कशाला? आत्ता रिकाम्याच आहात ना."

"रिकाम्या नाय. खेळ हाय आमचा."

मालकाने मुकादमाकडे बघितलं. "काय म्हणते ही?"

"खो-खो, मालक." मुकादमाचा आवाज उतरला. "पोरी खेळतात जरा."

"पोरी?" मालकाने वयस्क बाईकडे बोट केलं. ती तेव्हा लुगड्याचा काष्टा घट्ट करत होती. "ही पोर?"

"मी पंच हाय," ती म्हणाली.

दोघी-तिघी हसल्या. मालक हसला नाही. "माझ्या भावाचा वर्षाचा माल तिकडं टांगलाय आणि तुम्ही शिवाशिवी खेळणार?"

"शिवाशिवी नाय, खो-खो," कर्णधार म्हणाली. "आन माल आमी सोडून देत नाय. उजाडायच्या आत त्याच्या प्लॉटात उभ्या राहतो. तुमच्या भावाला सांगा, सकाळचं डिपिंग लागू पडतं का नाय विचारा."

"लागू पडतं गं. पण आत्ता का नाही?"

"तुमी एकर दिला, आमी एकर केला. टाईम कुठं दिला होता तुमाला? रोजानं लावलं असतं तर दिवस बुडेस्तोवर तुमच्याच होतो. उक्त्यात दिवस आमचा."

"मुकादम, सांगा हिला."

मुकादमाने तिला त्यांच्या डोंगराकडच्या कोकणा बोलीत काहीतरी सांगितलं. ते मला पूर्ण कळलं नाही. सूर समजावण्याचा होता. तिने मराठीतच उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "काका, तुमी बादल्या धुवून ठेवा सकाळसाठी."

मालकाने बांधाजवळच्या बांबूंकडे बघितलं. मग म्हणाला, "ती जागा तरी माझी आहे ना?"

"जागा तुमची."

"बरं." त्याने खिशातून मोबाइल काढला.

पहिला डाव अर्धा झाला असताना ट्रॅक्टर आला. मागे रोटाव्हेटर जोडलेला होता. ड्रायव्हर उतारवयाचा, गावातलाच. त्याने इंजिन चालू ठेवूनच हाक मारली, "सरका बायांनो. मला सांगितलंय, मी काय करू?"

कोणी आडवं आलं नाही. बायांनी दोन्ही बांबू स्वतः उपटून घेतले, कारण ते मोडले असते. रोटाव्हेटर राखेच्या रेघांवरून एकदा गेला, एकदा आला. माती गुडघ्याएवढी उसळून पसरली. ट्रॅक्टर वळून निघाला तेव्हा कर्णधाराने आवाज दिला, "भाऊ, कोपरा राहिला. तो बी घ्या!" ड्रायव्हरने मागे बघितलं नाही. कोपरा तसाच राहिला.

पलीकडच्या गावच्या बागेत कळवणकडची एक टोळी कामाला होती. तिच्याशी रविवारी सामना ठरलेला होता. कर्णधाराने तिथेच उभं राहून फोन लावला. ती एवढंच म्हणाली: "सामना रविवारीच. जागा हीच."

मी तिला विचारलं, गावातल्या शाळेचं मैदान रिकामं असतं, ते का नाही घेत?

"घेता येईल," ती म्हणाली. "पण आज जागा बदलली तर उद्या टाईम बदलायला सांगंल."

शनिवारी उजाडायच्या आधी टोळी भावाच्या प्लॉटमध्ये होती. मी पोचले तेव्हा अर्ध्या ओळी झाल्या होत्या. भाऊ बांधावर उभा राहून एकेक घड खालून बघत होता. ऊन तापायच्या आत काम त्या दिवसापुरतं उरकलं. जेवण करून सगळे पडीक तुकड्यावर आले.

डोंगरातल्या माणसांना सपाट जागा कशी करायची ते ठाऊक असतं. नागली झोडायला, भात मळायला दर वर्षी खळं करतात. माती भिजवायची, तुडवायची, चोपायची, वाळली की पुन्हा चोपायची. फरशीसारखी होते. टोळीने तेच करायचं ठरवलं. पुरुषांनी हंड्यांनी पाणी आणून ओतलं. बायांनी एकमेकींच्या कमरेला धरून रांग केली आणि पाय आपटत मागे मागे सरकायला सुरुवात केली. वयस्क बाई कडेला उभी राहून कुठे उंच, कुठे खोल ते सांगत होती.

थोड्याच वेळात रांग थांबली. कोणाचाच पाय उचलेना.

सुरगाण्याकडची माती तांबडी, मुरमाड. पाणी मारलं की दबते. निफाडची काळी. पाणी मारलं की ती धरून ठेवते. प्रत्येकीच्या तळपायाला पायलीएवढा गोळा चिकटला होता. एक बाई त्या गोळ्यासकट चालायला गेली आणि बसलीच. तिला उठवायला गेलेली दुसरी तिच्यावर पडली. इतकी वर्षं या मातीत राबूनही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बागेत पाणी नळीने थेट मुळाशी जातं. काळ्या मातीत खळं करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

नेमक्या त्याच वेळी कळवणच्या टोळीतल्या तिघी-चौघी जागा बघायला आल्या. बांधावर उभं राहून त्यांनी हे सगळं बघितलं.

"हाई मैदान शे का भातनं वावर?" एक जण म्हणाली.

"आवणी कराले येऊत का रविवारी?" दुसरीने भाताची रोपं लावल्यासारखे हात करत विचारलं.

"या ना," कर्णधार चिखलातून म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत माती होती. "येताना रोपं घेऊन या. हरल्यावर हाताला काहीतरी काम पाहिजे ना तुमच्या."

हसून झाल्यावर कळवणवाल्या खाली उतरल्या. त्या टोळीची निफाडात जास्त वर्षं गेली होती. पाणी थांबवा, त्या म्हणाल्या, वरून मुरूम पाहिजे. त्यांच्या मालकाच्या बागेत रस्त्यासाठी आणलेला मुरूम उरला होता. त्यांनी त्याला विचारलं. त्याने ट्रॉलीभर दिला, सांगितलं की उरलेलाच आहे, घेऊन जा. संध्याकाळी मुरूम आला. दोन्ही टोळ्यांनी मिळून तो पसरला, वरून राख आणि भुसा टाकला, आणि पाणी फक्त शिंपडलं. अंधार पडेपर्यंत तुडवणं चाललं. रविवारी पहाटे भावाच्या प्लॉटचं उरलेलं डिपिंग झालं. परत आल्यावर फळ्यांनी चोपणं झालं. दुपारी बांबू पुन्हा रोवले गेले.

रविवारी संध्याकाळी मालक आला, सोबत भाऊ. गाडी बांधाजवळ लावून दोघं चालत आले. तोवर दोन्ही संघ मैदानात उतरले होते. आधी राखेच्या रेघा होत्या तिथे आता चुना होता. तो कळवणवाल्यांनी आणला होता.

मालक मैदानाच्या कडेने पूर्ण फेरी मारून आला. बुटाने मुरूम दाबून बघितला. "एवढी मेहनत डिपिंगला केली असती तर."

"डिपिंग झालं. दोन सकाळांत सगळा प्लॉट," कर्णधार म्हणाली. "जाऊन बघा."

"बघून आलो," भाऊ म्हणाला. "घड बरोबर बुडालेत."

मालकाने भावाकडे बघितलं, मग पुन्हा खाली. "मुरूम कुठला?"

"पलीकडच्या बागवाल्यानं दिला."

"माझ्या जागेत दुसऱ्याचा मुरूम?"

"तुमच्याकडं मागितला असता तर दिला असता का?"

मालक गाडीत जाऊन बसला. भाऊ एक डाव संपेपर्यंत दाराला टेकून उभा राहिला, मग तेही गेले.

सामना सुरगाण्याची टोळी एका गड्याने हरली. दोन्ही बाजूंनी वयस्क बाईलाच पंच मानलं होतं. दुसऱ्या डावात तिने स्वतःच्या सुनेला बाद दिलं. खांबाजवळ सून सुटली असं सुरगाण्याच्या सगळ्यांचं म्हणणं होतं. भांडण झालं.

"घरच्याच माणसाला बाद देती!"

"हात लागला. मी बघितला."

"कुठं लागला? पदराला लागला!"

"पदर कोणाचा हाय? तिचाच ना? बाद ती बाद. नातं खोपटात."

फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे माल उतरेपर्यंत, त्या जागेवर खेळ चालू राहिला. मालकाने परवानगी दिली नाही आणि पुन्हा नांगरलंही नाही. ऊन उतरल्यावर त्याने टोळीला कामाला बोलावलं नाही.

हे सगळं प्रबंधाचं एक प्रकरण झालं. पावसाळ्यात विभागाच्या समितीसमोर प्रगतीचा अहवाल मांडायचा होता. त्यात या प्रकरणावर आक्षेप आले.

एक सदस्य म्हणाले, "तुम्ही इथे मजूर आणि मालक यांचा संघर्ष मांडलाय. तुमचा विषय विश्रांती आणि करमणूक आहे."

दुसऱ्या सदस्या म्हणाल्या, "दीड दिवस माती तुडवणं ही करमणूक कशी? ते तर श्रम आहेत. आणि विनामोबदला."

मार्गदर्शक बराच वेळ कागद चाळत होते. शेवटी म्हणाले, "परिशिष्टात घालू या का मॅडम? म्हणजे वादही नको आणि नोंदही राहील."

मी नाही म्हणाले. त्याचं जे कारण मी तिथे सांगितलं, ते इथेही देते. याच प्रबंधात शहरातल्या जॉगिंग ट्रॅकवरचं प्रकरण आहे. ट्रॅकवर दुचाक्या लावल्या जातात, म्हणून तिथे फिरणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, महापालिकेत अर्ज दिला, अधिकाऱ्यांशी हुज्जत घातली. तो भाग समितीने आधीच्या बैठकीत मान्य केला होता. त्याला विश्रांतीविषयीची जागरूकता असं नावही समितीनेच सुचवलं होतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ट्रॅकवरचा माणूस आपल्या फिरण्याच्या जागेसाठी भांडला तर ती जागरूकता, आणि सुरगाण्याची बाई आपल्या खेळाच्या जागेसाठी अडून बसली तर तो कामगार प्रश्न, असा भेद करायचा असेल तर समितीने तो लेखी द्यावा. मी तो तसाच छापीन.

"तसं कोणी म्हणत नाही," पहिले सदस्य म्हणाले.

"मग प्रकरण कुठे ठेवायचं?"

"आणि ते श्रमाचं?" दुसऱ्या सदस्यांनी विचारलं.

मी म्हणाले की डिपिंग त्यांनी मालकासाठी केलं, माती स्वतःसाठी तुडवली. ट्रॅक पालिकेने बांधून दिला, तेव्हा तिथे चालणाऱ्याला तो कोणी बांधला हे विचारायची वेळ येत नाही. ज्यांना मैदान कोणी बांधून देत नाही, त्यांच्या खेळाची सुरुवात मैदान बांधण्यापासूनच होते. ती खेळातून वगळली तर त्यांचा खेळ दिसतच नाही. दिसत नाही म्हणून नाही, असं मला याच इमारतीत सांगितलं गेलं होतं.

मार्गदर्शकांनी चष्मा पुसला. समितीने शेरा दिला: प्रकरण आहे त्या जागी ठेवण्यास हरकत नाही, शीर्षकाचा पुनर्विचार व्हावा. शीर्षक एका शब्दाचं होतं: मैदान. मी पुनर्विचार केला. शीर्षक तेच राहिलं. मार्गदर्शकांनी त्यावर सही केली.

त्या वर्षीची छाटणी लागायच्या आधी मी उरलेल्या मुलाखतींसाठी टोळीच्या गावी गेले होते. मालकाचा फोन मुकादमाला आला तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो. मुकादमाने फोन मोठ्या आवाजावर ठेवून खाली ठेवला.

"कधी निघताय मुकादम? छाटणी धरायची आहे."

मुकादमाने कर्णधाराकडे बघितलं. ती नागलीच्या भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "ऊन उतरल्यावर काम नाय. आन मैदान नांगरायचं नाय. चालंल का विचारा."

"ऐकलं," फोनमधून आवाज आला. "नाही नांगरणार. या तुम्ही."

"बघा हां मालक."

"या म्हणतोय ना बाई."

आठवड्याने टोळी पिकअपमध्ये बसून निफाडला आली. मी नाशिकहून बसने आले होते आणि आधी पोचले होते. पडीक तुकडा नांगरलेला नव्हता. त्यावर नव्या लागवडीसाठी खड्डे घेतलेले होते आणि ओळीने मांडवाचे लोखंडी अँगल उभे केलेले होते. मुरूम खड्ड्यांच्या कडेला ढिगाने पडला होता.

पिकअप थांबली. मुकादमाने पहिले दोन हंडे खाली घेतले. कर्णधार उतरली, बांधापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"नांगरलं नाही हां," मालक म्हणाला. "जागा पडीक ठेवून कसं भागेल? मला बी पोट आहे. तुम्हाला शेडमागं देतो ना दुसरी जागा."

ती शेडमागेही जाऊन आली. तिथे फवारणीच्या टाक्या धुतल्या जात. जमीन ओली होती आणि औषधाचा वास येत होता.

"काका, हंडे वर ठेवा," ती म्हणाली.

मुकादम हंडे हातात घेऊन उभाच राहिला.

"अगं, छाटणी लागलीय," मालक म्हणाला. "आता या घडीला कुठं जाल?"

"छाटणी सगळीकडंच लागली, मालक."

"एका खो-खोपायी?"

"हो."

वयस्क बाई पिकअपमधून उतरलीच नव्हती. ती वरूनच म्हणाली, "चला गं, टाईम जातोय." मुकादमाने हंडे वर दिले. ड्रायव्हरने गाडी बांधाजवळ वळवली.

दिवस मावळायच्या सुमारास टोळी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत उतरली. त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामातही ती निफाडच्या त्या बागेत कामाला आली नाही.